वशिंड नसलेला नंदी

झाशीला बदली झाल्याचा हुकूम हाती पडला, त्या वेळी कचेरीतील सहकाऱ्यांनी मला दोन गोष्टींची धास्ती घातली होती. एक तिथल्या उन्हाळ्याची व दुसरी एकटेपणाची. उन्हाळ्याबद्दल ते जे बोलले त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. एकटेपण मात्र मला कधी जाणवले नाही. याचे श्रेय काही अंशी झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांना आहे आणि काही अंशी माझ्या एका छंदाला. धातूच्या ओतीव प्राण्यांचा मला नाद आहे. घोडे, हत्ती, बैल, मोर, कासवे, ज्यांना पाय आहेत किंवा एके काळी होते असे काहीही मला चालते. घरातील दोन कपाटे या मंडळींनी व्यापली आहेत. आमच्या घरी त्यांचा उल्लेख ‘तुमचा पांजरपोळ’ असा होतो.

या नादाचे मूळ एका बैलात आहे. सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी बेंदराला पुजण्याचा एक पितळी बैल होता. वीतभर लांबीचा, चाकांवर उभा, गळ्यात घुंगुरमाळ ओतलेली. मी सात-आठ वर्षांचा असताना एके दुपारी दारावर भांडीवाली आली आणि फुटक्या तांब्या-पातेल्यांबरोबर तो बैलही मोडीत गेला. त्या बदल्यात स्टीलचा एक डबा आला. डबा उत्तम होता, अजून आहे. आईला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पितळेला कल्हई लावा, चिंचेने घासा, ही उठाठेव त्या पिढीतील बायकांनी जन्मभर केली होती. परंतु ताजव्याच्या पारड्यात चारी पाय वर करून पडलेला तो बैल माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

पुढे मी इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि सरकारी लेखापरीक्षेत चिकटलो. इतिहासाच्या पदवीने मला सनावळ्या दिल्या. पण कासे आणि पितळ यांतला फरक काही शिकवला नाही. तो मला बुंदेलखंडाने शिकवला.

झाशीपासून तीसेक किलोमीटरवर दतिया आणि शंभरेक किलोमीटरवर टीकमगड. या दोन गावांच्या ओतीव कामाला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. टीकमगडचे घोडे एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाहीत. उंच मान, गुंडाळलेल्या तारेसारखे डोळे, खोगिरावर वेणीसारखी नक्षी आणि पायांखाली चाके. ही नक्षी कोरलेली नसते, हे मला तिथल्या एका कारागिराने दाखवले. मातीचा गाभा करायचा. मेणात राळ व तेल मिसळून त्याचे बारीक दोर वळायचे. ते गाभ्यावर गुंडाळून घोडा सजवायचा. वरून मातीचे लेप द्यायचे आणि भट्टीत तापवायचे. मेण वितळून वाहून जाते, त्याने सोडलेल्या पोकळीत धातूचा रस शिरतो, आणि माती फोडली की घोडा बाहेर येतो. साचा फुटलेला असतो, म्हणून तसाच दुसरा घोडा पुन्हा होत नाही. “जौ मोम को काम आय, साब,” एवढेच तो कारागीर म्हणाला. मी मात्र त्या एका वाक्यावर माझ्या कपाटातील निम्मी जनावरे पुन्हा तपासून पाहिली.

बुंदेलखंडातील बायका महालक्ष्मीच्या व्रतात हत्तीची पूजा करतात. तो हत्ती बहुधा मातीचा असतो. शेजारणी सांगत की हे व्रत कुवार, म्हणजे आश्विन वद्य अष्टमीला संपते. आमच्या पंचांगात तोच दिवस भाद्रपद वद्य अष्टमी. महिना पौर्णिमेला संपवायचा की अमावास्येला, एवढाच वाद, हत्ती एकच. झाशीतील मराठी घरांत भिंतीवर दोन पंचांगे का टांगलेली असतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आता ओळखीविषयी थोडे सांगतो, कारण संग्राहकाचे खरे सुख आणि खरी फजिती दोन्ही तिथेच आहेत. लेखापरीक्षेत आम्ही पावतीशिवाय काही खरे मानत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिली खोटी वस्तू म्हणजे पावतीच. झाशीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक ‘मराठेशाहीतला’ घोडा घेतला. हिरवट, गंजका, एका कानाने अधू. दुकानदाराने तो नारो शंकराच्या वेळचा असल्याचे शपथेवर सांगितले. घरी आणून ओल्या फडक्याने पुसला तर नारो शंकराचा काळ फडक्यावर उतरला. खरा हिरवा थर धातूला चिकटून बसतो. रसायनाने आणलेला थर पिठासारखा सुटतो. चाके ज्या खिळ्याने बसवली होती त्याला यंत्राने पाडलेले आटे होते. तो घोडा मी मुद्दाम टेबलावर ठेवला आहे. माझ्या सहीने जाणाऱ्या प्रत्येक कागदावर त्याची नजर असते.

या फजितीनंतर मी काही खुणा मनाशी बांधल्या. मेणाच्या ओतकामाला सांधा नसतो. वाळूच्या दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या प्राण्याच्या पोटावरून वा पाठीवरून एक बारीक रेघ जाते, मग ती कानशीने कितीही घासलेली असो. पोकळ घोड्याच्या पोटात काळी, भाजलेली माती शिल्लक असते. कासे वाजते, पितळ तेवढे वाजत नाही. तांब्याच्या सुमारे अठ्ठ्याहत्तर भागांत कथिलाचे बावीस भाग म्हणजे शास्त्रातले कासे. पण कारागीर भट्टीत मोडीची भांडी टाकतो, तेव्हा त्यात जस्त येतेच, आणि नाव काशाचे व अंग पितळेचे असा प्रकार पुष्कळदा आढळतो. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे झीज. मुलाच्या खेळण्याची पाठ झिजते, कारण मूल ते पाठीला धरून ओढते. देवघरातल्या मूर्तीचे कपाळ झिजते, कारण तिथे गंध लागते. सगळीकडे सारखी झिजलेली वस्तू कुणी वापरलेली नसते. ती कुणी तरी झिजवलेली असते.

एवढे करूनही निश्चिती होतेच असे नाही, याला मोठे उदाहरण आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. चारी वस्तू भरीव. मिळून वजन साठ किलोंहून अधिक. डॉ. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डॉ. डी. पी. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण करून शंका काढली, की यात एक टक्क्याहून अधिक सोमल आहे आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तो असा मिसळलेला दिसत नाही. जिथे अशा विद्वानांत एकवाक्यता नाही, तिथे चुंबक व भिंग खिशात घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्याने बेताने बोलावे हे बरे.

चुंबकाचा उल्लेख आला, म्हणून ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो तिच्याकडे वळतो.

झाशीतील एका जुन्या मराठी घरी माझे जाणे-येणे होते. घरातल्या आजी पंच्याऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या मराठीत हिंदीची सरमिसळ आहे. पण आपण विसरलेले काही जुने शब्दही तीत टिकून आहेत. माझा नाद कळल्यावर त्या म्हणाल्या, “आमच्या देवघरातला नंदी पाहून सांगा. बाईसाहेबांच्या वेळचा आहे.” झाशीच्या मराठी घरांत बाईसाहेब म्हणजे एकच, हे सांगायला नको.

नंदीची हकीकत अशी. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या, तेव्हा घरच्या बायकांनी देव फडक्यात बांधून विहिरीत सोडले. लूट ओसरल्यावर ते काढले, त्यांत हा नंदी. ही कथा मला मुळीच असंभाव्य वाटली नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीत होते, आणि त्यांचे ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवत असेल, की सोन्यारुप्यानंतर तांब्या-पितळेच्या भांड्यांवरही लुटारूंचा हात पडला. झाशीच्या मराठी घरांतून त्यापूर्वीचे पितळ इतके कमी का आढळते, याचे कारण मी तिथेच शोधतो. त्यामुळे विहिरीतून वाचलेला नंदी पाहायला मिळणार म्हणून मी अधीर झालो होतो, हे कबूल करतो.

नंदी मुठीएवढा, बसलेला, मान किंचित वळवलेली. तेल, गंध आणि हळदकुंकू यांच्या थरांनी काळाभोर झालेला. बाकीचे देव चिंचेने घासून लख्ख केलेले होते. मी सहज विचारले, “आजी, याला चिंच लावत नाही?”

“नाही. सासूबाईंची सक्त ताकीद होती. याला पाणी लावायचं नाही, नुसता तेलाचा बोळा फिरवायचा. विहिरीत राहिलेला देव आहे, पाण्याला भितो, असं म्हणायच्या.”

मी नंदी हातात घेतला आणि प्रथम जाणवले ते हे, की त्याला वशिंड नव्हते. आपल्याकडचा कुंभार मातीचा बैल डोळे मिटून करील, पण वशिंड विसरणार नाही. गळ्यात घुंगुरमाळ नाही, पाठीवर झूल नाही. नाकातून एक साधी दोरी ओढलेली. खिशातले चुंबक काढायचा मला धीर होईना. शेवटी आजी दिवा लावायला वळल्या तेव्हा ते पोटाशी नेले. ते खटकन चिकटले. बुडाशी नखाने थर खरवडला, तर पोटावरून गेलेली बारीक रेघ लागली आणि तिच्या बाजूला दोन चौकोनी अक्षरे दिसली. ती ना मोडी होती, ना देवनागरी, ना फारसी.

मी छायाचित्र घेतले आणि “सवडीने पाहून सांगतो” असे म्हणून बाहेर पडलो. ही सरकारी भाषा आहे. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

पुण्यात जपानी शिकवणारा माझा एक स्नेही आहे. त्याने अक्षरे वाचली: नांबु. जपानच्या ईशान्येकडील इवाते प्रांतातील मोरिओका आणि मिझुसावा या गावांत बिडाच्या ओतकामाची परंपरा आहे. जुन्या नांबु सरदारांच्या नावावरून त्या मालाला नांबुचे लोखंड म्हणतात. चहाचे पाणी तापवण्याच्या किटल्या ही तिची कीर्ती. पण कागदावर ठेवायची वजने, वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा, कासवे, घोडे, बैल हेही तिथे ओततात. गरम लोखंडावर उरुशी नावाच्या झाडाचा चीक चढवून त्याला काळा रंग आणतात, म्हणून ते एकाएकी गंजत नाही. १९७५ साली जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली. अशा वस्तू जमवणारे लोक देशोदेशी आहेत, आणि त्यांच्याही खुणा आमच्यासारख्याच: सांध्याची रेघ किती काळजीने मोडली आहे, पृष्ठभाग रेशमासारखा आहे की खरबरीत, काळेपणा आतून आला आहे की वरून रंग दिला आहे, गंज जुना तपकिरी आहे की कालचा नारिंगी. नुसत्या ‘नांबु’ या अक्षरांवरून गाव कळते, साल कळत नाही, आणि नक्कल करणाऱ्यालाही ती अक्षरे ओतता येतात.

बसलेल्या बैलाचाही उलगडा झाला. सुगावारा नो मिचिझाने हा जपानी पंडित इ. स. ९०३ मध्ये वारला. पुढे विद्येचा देव म्हणून त्याची मंदिरे उभी राहिली. त्या मंदिरांत बसलेला बैल असतो आणि भाविक त्याच्या अंगावरून हात फिरवतात. म्हणजे हा बैल तिकडेही देवाच्या दारचाच होता.

प्रश्न राहिला, तो झाशीत कसा आला हा. त्याचे उत्तर आजींच्या चिरंजिवांनी नकळत दिले. त्यांचे आजोबा लष्करात कारकून होते आणि महायुद्धानंतर काही महिने जपानात होते. आज ही गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही. परंतु १९४६ व १९४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुलाच्या सैन्यात हिंदी फौज होती. तिच्यातील २६८ व्या ब्रिगेडचे अधिपत्य पुढे सरसेनापती झालेल्या थिमय्यांकडे होते आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. सातारा-कोल्हापूरकडची माणसे त्या सुमारास जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे पहारा देत होती. परतताना कुणी रेशमी रुमाल आणला, कुणी लाखेची तबके. या कारकुनांनी बैल आणला असावा.

त्या काळी तिकडे धातूचा बैल सुटून राहिला हेही एक नवलच. युद्धाच्या वर्षांत जपानने धातू गोळा करण्याचा हुकूम काढला होता. देवळांतल्या घंटादेखील भट्टीत गेल्या. तोक्योतील शिबुया स्थानकापुढे धन्याची वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याचा काशाचा पुतळा १९३४ साली उभारला होता. तो एप्रिल १९४५ मध्ये वितळवला गेला. पहिला पुतळा घडवणारे आंदो तेरु त्याच वर्षी हवाई हल्ल्यात मेले. १९४८ साली त्यांच्या मुलाने नवा पुतळा घडवला. मोड ही काही आमच्या दारावरच्या भांडीवालीचीच मक्तेदारी नव्हे.

हे सारे जमल्यावर खरी अडचण पुढे आली. आजींना सांगायचे की नाही? चिरंजीव म्हणाले, नका सांगू. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नंदी बाईसाहेबांच्या वेळचा नाही, विहिरीतला नाही, एवढेच असते तर गोष्ट वेगळी. तो लोखंडाचा होता, आणि आपल्याकडे लोखंड देवात चालत नाही. पासष्ट वर्षे ज्याला गंध लावले तो शनीच्या धातूचा निघाला, हे त्या वयात त्यांना ऐकवून काय साधणार? माझ्या नोकरीचा मात्र सगळा डोलारा एका समजुतीवर उभा आहे, की जे दिसले ते लिहावे. महिनाभर मी त्या घराकडे फिरकलो नाही. शेवटी आजींनीच निरोप धाडला.

“काय निघालं?” त्यांनी विचारले. मी गोलमाल सुरुवात केली. त्यांनी मला थांबवले. मग मी सांगितले: लोखंड, जपान, अक्षरे, वशिंड, सगळे.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी नंदी मांडीवर घेतला होता आणि पदराच्या टोकाने त्याची पाठ पुसत होत्या. मला वाटले, आपण चूक केली. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे सासूबाईंना ठाऊक होतं.”

मी गप्प राहिलो.

“चिंच लावू नको, पाणी लावू नको. पाण्याला भितो म्हणे! लोखंडच पाण्याला भितं. त्यांना ठाऊक होतं.” आणि थोड्या वेळाने, “मग विहिरीतला कुठे गेला?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी वस्तू ओळखली होती. आजींनी तिच्या जागी जी वस्तू नव्हती ती ओळखली. त्यांनी मग सासूबाईंविषयी सांगितले. नवरा युद्धावर, पदरात चार मुले, महागाई, मनिऑर्डर कधी येई कधी न येई. त्या वर्षांत घरातले काय काय विकले गेले, याची वाच्यता त्यांनी जन्मात केली नाही. “सासरे परत आले तेव्हा चौरंगावर जागा रिकामी दिसली असती. त्यांच्या ट्रंकेतून हा निघाला, तो त्यांनीच उचलून तिथे ठेवला असेल. आणि गोष्ट विहिरीतल्याची ती याला चिकटवली.” असे झाले असेल किंवा नसेलही. पुरावा म्हणाल तर तेलाचा बोळा, एवढाच.

चिरंजीव चाचरत म्हणाले, “आई, पण लोखंड देवात...”

“पासष्ट वर्षं चाललं,” आजी म्हणाल्या आणि नंदी उचलून पुन्हा पिंडीसमोर ठेवला. बसवताना त्याचे तोंड पिंडीकडे येईना. मान वळलेली असल्यामुळे तो नेहमीच थोडा दरवाज्याकडे पाहतो. त्यांनी तो फिरवून पाहिला, मग होता तसाच राहू दिला.

निघताना त्यांनी मला विचारले, “जपानात बैलाला म्हणतात काय?”

“उशी,” मी म्हणालो.

आजी हसल्या. “तरीच मेला सदा लोळलेला असतो,” असे म्हणून त्यांनी वाटीतला तेलाचा बोळा उचलला.